गाण्यावरची खूण

माझी नात अकरा वर्षांची आहे. ईदच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारी बसून आईच्या मोबाईलवर गाणी शोधत होती. एका गाण्याच्या नावापुढे करड्या रंगाचा छोटा चौकोन होता आणि त्यात इंग्रजी ई हे अक्षर. तिने विचारले, "नाना, ये ई कायका है?" मला उत्तर ठाऊक होते, पण ते द्यावे की नाही याचा मी विचार करीत राहिलो. तेवढ्यात तिनेच निकाल लावला, "इंग्लिश होगा." मी मान डोलावली. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना 'खरे बोलावे' शिकवलेल्या माणसाने ईदच्या दुसऱ्याच दिवशी नातीशी खोटे बोलावे, ही काही फुशारकीने सांगण्याची गोष्ट नाही. पण तेव्हापासून तो चौकोन डोक्यातून जात नाही.

त्या ईचा अर्थ 'उघड मजकूर' असा आहे. गाण्यात शिव्या आहेत, शरीरसंबंधांचे थेट वर्णन आहे किंवा मारहाण-नशेच्या गोष्टी आहेत, तेव्हा आईबापांनी सावध व्हावे, असा तो इशारा. तो सरकार लावत नाही. गाणे काढणारी कंपनी किंवा गाणारा स्वतः गाणे सोपवतानाच तशी नोंद करून देतो. म्हणजे माल विकणाऱ्यानेच मालावर लिहायचे की हा माल जपून वापरा. मला हे पहिल्यांदा कळले तेव्हा माझे धाकटे मामू आठवले.

मामूंचे अकोल्याच्या बसस्टँडजवळ कॅसेटचे दुकान होते. खोली एवढीशी, पण तिन्ही भिंती छतापर्यंत कॅसेटांनी भरलेल्या. बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी, अकोट इथून बाजाराला आलेली माणसे एसटी सुटेपर्यंत तिथे उभी राहायची. एका भिंतीवर युसूफ आझाद, शकीला बानो भोपाली, अजीज नाझां यांच्या कव्वाल्या. दुसऱ्या भिंतीवर प्रल्हाद शिंदे, भीमगीते आणि विठ्ठलाची गाणी. तिसऱ्या भिंतीवर सिनेमा. आणि गल्ल्याखाली एक खण. त्या खणात काय असायचे ते गिऱ्हाइकांना बरोबर ठाऊक असे. दुहेरी अर्थाच्या गाण्यांच्या आणि चावट लावण्यांच्या कॅसेटी, चुटक्यांच्या कॅसेटी, मुकाबला कव्वालीतल्या जरा जास्तच सैल सुटलेल्या रात्री. खेड्यातला शेतकरी हळू आवाजात विचारी, "भाऊ, थे दादा कोंडकेची हाये काय?" मामू त्याच्या तोंडाकडे एकदा पाहत आणि खण उघडत. शाळेच्या गणवेशातले पोरगे आले की मामूंचे उत्तर ठरलेले, "संपली." पोरगे गेले की पुढच्याला तीच कॅसेट.

मामूंच्या दुकानात कुठल्याच कॅसेटवर इशारा छापलेला नव्हता, कारण इशारा मामूंच्या चेहऱ्यावर होता. आम्हाला त्या व्यवस्थेत काही चूक दिसत नव्हती. उलट मोहल्ल्यात त्यांचे नाव होते, की फलाण्याच्या दुकानात पोर पाठवले तरी बिघडून येत नाही.

मग एका दुपारी बुरखा घातलेली, चाळिशीच्या पुढची एक बाई दुकानात आली. मी त्या दिवशी तिथेच बसलो होतो. तिने लावण्यांची एक कॅसेट नाव घेऊन मागितली. मामू म्हणाले, "आपा, खत्म हो गई." बाई हलली नाही. तिच्या आधीच्या गिऱ्हाइकाला तीच कॅसेट बांधून देताना तिने पाहिले होते. ती शांतपणे म्हणाली, "खत्म हुई, या मेरे वास्ते खत्म हुई?" मामूंना उत्तर सुचले नाही. त्यांनी कॅसेट काढून दिली, पैसे घेतले आणि संध्याकाळपर्यंत गप्प राहिले. पुढे कितीतरी वर्षांनी, दुकान बंद होऊन तिथे मोबाईलचे दुकान आल्यावरही, ते हे वाक्य मधूनच म्हणत. मला वाटते, गाण्यावर इशारा असावा की नसावा हा सगळा वाद त्या बाईच्या प्रश्नात आलेला आहे. गाण्यात काय आहे हे सांगणे निराळे आणि तू ऐकायला लायक आहेस की नाहीस हे ठरवणे निराळे. मामू सांगण्याच्या नावाखाली ठरवत होते.

ज्या देशात ही चिठ्ठी जन्माला आली तिथेही सुरुवात एका घरातून झाली. योगायोग असा, की त्याही घरातली मुलगी अकरा वर्षांचीच होती. अमेरिकेतले राजकारणी अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर यांनी मुलीसाठी प्रिन्स या गायकाची १९८४ ची 'पर्पल रेन' ही तबकडी आणली, ती घरात वाजली आणि त्यातल्या एका गाण्याने आईचे कान लाल झाले. वॉशिंग्टनमधल्या वजनदार बायकांनी मिळून १९८५ मध्ये पालकांची संस्था काढली आणि पंधरा गाण्यांची एक काळी यादी जाहीर केली. १९ सप्टेंबर १९८५ रोजी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. फ्रँक झप्पा, डी स्नायडर आणि जॉन डेन्व्हर हे तीन गायक विरोधात बोलायला गेले. डेन्व्हर हा सज्जन, डोंगरदऱ्यांची गाणी गाणारा माणूस. त्याने सांगितले, की पहाडावरच्या आनंदावर लिहिलेले त्याचे गाणे काही रेडिओ केंद्रांनी नशेचे गाणे समजून बंद केले होते. शेवटी कंपन्यांनी आपण होऊन चिठ्ठी लावायचे कबूल केले आणि १९९० पासून काळी-पांढरी ठरावीक पट्टी आली. काही मोठ्या दुकानांनी पट्टीवाला मालच ठेवायचे नाकारले, तर पोरे ती पट्टी पाहूनच माल शोधू लागली. इशाऱ्याची एकीकडे बंदी झाली आणि दुसरीकडे जाहिरात.

त्या यादीतली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बायकांच्या मूळ सूचनेत सरसकट एकच शिक्का नव्हता. निरनिराळ्या दोषांना निरनिराळी अक्षरे होती : अश्लीलतेला एक, दारू-नशेला एक, हिंसेला एक आणि जादूटोण्याला एक. जादूटोण्यालासुद्धा अक्षर होते! पण एखाद्या जमातीला, वंशाला, धर्माला खाली पाहायला लावणाऱ्या गाण्याला अक्षर नव्हते. कोणाला ते सुचलेच नाही. याकडे मी पुन्हा येणार आहे.

आपल्याकडे गाण्याला चिठ्ठी कधी लागली नाही. १९५२ च्या कायद्याने सिनेमाला प्रमाणपत्र लागते, त्यामुळे सिनेमातले गाणे सिनेमाबरोबर तपासले जाते. पण सिनेमाशी संबंध नसलेल्या कॅसेटला किंवा अल्बमला कोणाकडे जावे लागत नाही. आणि तपासणीने काय साधले ते आपण पाहिलेच आहे. दादा कोंडके यांचे चित्रपट मंडळातून सुटून आले, कारण त्यांच्या गाण्याचा एक अर्थ नेहमीच सोवळा असे. तपासणारा कागद वाचतो आणि थिएटरातला प्रेक्षक कान लावतो. महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर यांनी इतक्या निरागस सुरात ती गाणी म्हटली, की वऱ्हाडातल्या लग्नात लाऊडस्पीकरवर ती वाजत आणि मांडवातल्या आज्याही डोलत. १९९३ मध्ये 'खलनायक'मधल्या गाजलेल्या गाण्यावरून दिल्लीत कोर्टापर्यंत मामला गेला, ते गाणे तर एका प्रश्नाभोवतीच बांधलेले होते. १९९४ च्या 'खुद्दार'मधल्या एका गाण्यातला आक्षेपार्ह शब्द काढून त्या जागी 'बेबी' हा शब्द घातला. चाल तीच, नाच तोच, नजर तीच. आधी निदान मोठ्या बाईबद्दल बोलत होते, आता बाळ म्हणू लागले. यात हया कुठे वाढली हे मला अजून समजलेले नाही.

चिठ्ठी लावणारा हात कोणाचा, हा खरा प्रश्न आहे, आणि आपल्या देशातला अनुभव त्याबाबत चांगला नाही. १९४६ मध्ये माहिती व नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे होते. ज्यांचे खाजगी जीवन बदनाम आहे अशा गायिकांना रेडिओवर गाऊ देऊ नये, असे धोरण तेव्हा आले. म्हणजे कोठ्यावरून आलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या ठुमरी-दादरा सांभाळलेल्या बायकांना दार बंद. चिठ्ठी ठुमरीवर नव्हे, गाणारीच्या कपाळावर. पुढे १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर त्या खात्याचे मंत्री झाले. मूळचे पुण्याचे, संगीताचे जाणकार. त्यांनी हिंदी सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. हिंदुस्थानी संगीताच्या ऱ्हासाचे खापर ते मुसलमान उस्तादांवर फोडीत, हेही त्यांच्या लिखाणात आहे. परिणाम काय झाला? आमच्या वडिलांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षी तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सायानी घरोघरचे झाले. १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढून माघार घ्यावी लागली.

आणि हे फार जुने आहे असेही नाही. २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारने डान्सबार बंद केले. तीच गाणी, तोच नाच तारांकित हॉटेलात चालत राहणार होता, कारण तिथे बंदी नव्हती. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव चालणार नाही म्हणून सांगितले. तोवर हजारो बायकांची चूल विझून गेली होती. त्यांत आपल्या घरांतल्या बायकाही होत्या, हे आपण बोलत नाही.

आपण आपल्याही घरात डोकावले पाहिजे. मुस्लिम मराठी साहित्याच्या व्यासपीठावर आपण श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे नाव घेतो, आणि लगेच पुढे जेजुरीच्या शाहीर सगनभाऊंचे. घेतले पाहिजेच. उत्तर पेशवाईतल्या या शिकलगार शाहिराने मराठी लावणीला जे दिले ते कमी नाही. पण त्यांच्या शृंगारिक लावण्या आपल्यापैकी किती जणांनी घरात मोठ्याने वाचल्या? आजच्या नियमाने त्यांतल्या बऱ्याच लावण्यांपुढे तो करडा चौकोन येईल. उर्दूत तर मंटो आहेच. फाळणीच्या आधी तीनदा आणि नंतर तीनदा अश्लीलतेच्या खटल्यांसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढलेला हा मुंबईकर लेखक आज आपण मोठ्या तोऱ्याने मिरवतो. तेव्हा मात्र त्याच्यावर चिठ्ठी लावणाऱ्यांत आपलेच लोक पुढे होते.

गाणे ऐकावे की नाही, ही आपल्या परंपरेतली फार जुनी आणि फार गंभीर चर्चा आहे. 'संगीत हराम' एवढ्या दोन शब्दांत ती मिटवणारे लोक त्या चर्चेचा अपमान करतात, असे माझे मत आहे. ज्यांना ते हरामच वाटते त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण आपल्याकडे हुज्जत घालणारे दोन्ही बाजूंचे थोर लोक होऊन गेले. दिल्लीत गयासुद्दीन तुघलकाच्या दरबारात शेख निजामुद्दीन औलिया यांना समाअबद्दल उलेमांसमोर जाब द्यावा लागला होता. त्यांची संभाषणे लिहून ठेवणारे अमीर हसन सिजझी आपल्या खुलताबादेत चिरनिद्रा घेत आहेत. त्या संभाषणांत समाअसाठी चार गोष्टी पाहाव्यात असे येते : ऐकवणारा कोण, ऐकणारा कोण, ऐकले जाते ते काय आणि वाद्य कोणते. बघा, चारपैकी शब्दांचा वाटा एक. अमेरिकन चिठ्ठी फक्त तेवढ्याच वाट्याकडे पाहते.

त्याही आधी इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर एक पूर्ण प्रकरण लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की गाणे मनात नसलेली गोष्ट बाहेरून आणून ठेवत नाही. जे आत आहे त्यालाच ते हलवते. म्हणून एकच कविता एकाला खुदाची आठवण देते आणि दुसऱ्याला घसरवते. हे मानले तर इशारा गाण्यावर लावून उपयोग नाही. प्रत्येकाने स्वतःच्या काळजावर लावायला हवा. मला हे म्हणणे आयुष्यभर पटत आले. पण नात झाल्यापासून त्यात एक भोक दिसू लागले आहे. अकरा वर्षांच्या मुलीच्या मनात अजून काय आहे? जे आहे ते हलवायचे म्हटले, तर आधी काही असावे लागते. मोठ्या माणसाच्या मनाला गाणे हलवते आणि लहान मुलाच्या मनाला ते घडवते. म्हणून लहान मुलासाठी सांगणारा कोणीतरी लागतो. बुरखेवाल्या बाईला मामूंनी 'संपली' म्हणणे हा अन्याय होता, आणि गणवेशातल्या पोराला म्हणणे हा अन्याय नव्हता. शब्द एकच, पण मध्ये वयाची रेघ होती, आणि मामूंनी ती बाईपणाच्या रेघेशी एक करून टाकली.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहायला बसलो तो सांगतो. आमच्या मोहल्ल्यातल्या एका गरीब घरी मुलीचे लग्न होते. बाप हमाली करणारा. मुलाकडच्यांनी डीजे ठरवला, त्याची निम्मी बयाणा रक्कम मुलीच्या बापानेच उसनवारी करून दिली होती. आदल्या जुम्म्याला जाहीर झाले होते, की जिथे डीजे वाजेल तिथे निकाह पढवला जाणार नाही. तरी वरात वाजत आली. काझीसाहेब मांडवाच्या दारातून परत फिरले. दोन तास सगळे खोळंबले. अखेरीस आम्ही चार म्हातारे जाऊन विनवण्या केल्या, डीजेची गाडी गल्लीबाहेर काढली, माफी मागितली, तेव्हा कुठे निकाह झाला. त्या दोन तासांत आतल्या खोलीत नवरी एकटी बसून होती. तिला डीजे नको होता. काझीसाहेबांचा संतापही खोटा नव्हता, कारण वरातीत जी गाणी वाजली त्यांतले एक मी कागदावर उतरवून तुम्हाला दाखवू शकत नाही. पण मला विचाराल तर त्या संध्याकाळी सर्वांत अश्लील गोष्ट गाणे नव्हती. हमालाच्या उधारीवर वाजणारी ती गाडी होती. त्यावर चिठ्ठी लावायचे जुम्म्याच्या कोणत्याच तकरीरीत आले नाही. आणि मी बोलतो आहे त्यानेही फार तोंड वर करू नये. माझ्या थोरल्या मुलाच्या लग्नात 'पोरांची हौस आहे' म्हणून मी डोळेझाक केली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या रस्त्यावरून एक मिरवणूक गेली. कोणत्या सणाची ते सांगत नाही. सणाचा दोष नाही आणि मिरवणुकीतली निम्मी पोरे माझ्याच शाळेतली असतील. डीजेवर एक गाणे लागले. त्यात एकही शिवी नव्हती, कोणाच्या अंगाचे वर्णन नव्हते, दारू नव्हती. चाल ठेक्याची, आवाज गोड. गाण्याचा मतलब एवढाच, की आम्ही इथे कोणाच्या तरी मेहरबानीवर राहतो आणि एक दिवस आम्हाला जागा दाखवली जाईल. नात गच्चीवर माझ्याजवळ उभी होती. ठेका चांगला असल्याने तिने पाय हलवायला सुरुवात केली होती. मग तिला शब्द समजले आणि पाय थांबले. तिने मला काही विचारले नाही. ईचा अर्थ विचारणारी मुलगी या गाण्याचा अर्थ विचारेना, याचाच मला जास्त त्रास झाला.

घरात आल्यावर मी तेच गाणे मोबाईलवर शोधले. सापडले. त्यापुढे चौकोन नव्हता. नियमाप्रमाणे ते स्वच्छ गाणे होते.

अशी गाणी आता एखाददुसरी राहिली नाहीत. कुणाल पुरोहित या पत्रकाराने २०२३ मध्ये या बाजारावर एक अख्खे पुस्तक लिहिले आहे. आणि एकाच बाजूची गाणी आहेत असेही मी म्हणणार नाही. आमच्या पोरांच्या मोबाईलमध्ये तलवारी, खून आणि 'आमचा इलाका' यांची गाणी मी ऐकली आहेत. त्या ठेक्यावर छाती काढून केलेल्या रीळा पाहिल्या आहेत. मे २०२३ मध्ये आमच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दंगल उसळली, एका माणसाचा जीव गेला. ते गाणे नव्हते, पण शब्दच होते. शब्दांनी काय होते हे अकोल्याच्या माणसाला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

कायदा या बाबतीत समाजापेक्षा शहाणा निघाला. १८६० च्या दंडसंहितेत सार्वजनिक जागी अश्लील गाणे म्हणण्याबद्दल वेगळे कलम होते, २९४. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत. दोन जमातींत वैर पेटवणाऱ्या शब्दांचे कलम १५३-अ. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, कलमांचे आकडे २९६ आणि १९६ झाले, पण तराजू तोच राहिला. म्हणजे कायद्याच्या नजरेत वैराचे गाणे हे चावट गाण्यापेक्षा कितीतरी मोठा गुन्हा आहे. मग 'मुलांच्या कानावर काय पडते' म्हणून काळजीने बोलणारे आपण सगळे, हिंदू असोत की मुसलमान, फक्त तीन महिन्यांच्या गुन्ह्याबद्दलच का बोलतो? त्या अमेरिकन आयांना जादूटोण्यासाठी अक्षर सुचले आणि द्वेषासाठी सुचले नाही, तसेच आपलेही झाले आहे. अंगाची लाज आपल्याला पटकन कळते. दुसऱ्याला माणसातून उठवण्याची लाज वाटायला शिकवावे लागते.

इथपर्यंत आल्यावर मी म्हणायला हवे, की द्वेषाच्या गाण्यांनाही चिठ्ठी लावा. मित्रमंडळीत मी तसे म्हणालोही. तेव्हा आमच्यातले एक निवृत्त वकील हसले. म्हणाले, "मास्तर, चिठ्ठी लावणारा कोण असेल ते आधी सांगा." ते बरोबर होते. उद्या अशी चिठ्ठी निघाली तर ती पहिल्यांदा कोणाच्या गाण्यावर लागेल? मिरवणुकीतल्या त्या गोड आवाजावर, की जातीच्या अन्यायाविरुद्ध डफ वाजवणाऱ्या शाहिरावर? अमर शेखांनी गिरणी कामगारांसमोर जी गाणी म्हटली ती मालकांना वैर पेटवणारीच वाटत असणार. भीमगीतातला राग कोणाला तरी बोचतोच. दुखावणारे सगळे शब्द एका जातीचे नसतात. जो खाली दाबला गेला आहे त्याची आरोळी आणि जो दाबतो त्याची धमकी, दोन्ही कागदावर सारख्याच कडक दिसतात. कोंडक्यांचा दुसरा अर्थ ज्या तपासनिसाला दिसला नाही त्याला हा फरक दिसेल, यावर विश्वास ठेवायला माझे मन धजत नाही.

कोर्टाचा रस्ता आहे, पण तो लांबचा. आमच्याच विदर्भात, नागपूरच्या पाचपावली पोलीस ठाण्यात यो यो हनी सिंग या गायकाविरुद्ध अश्लील गाण्यांबद्दल गुन्हा नोंदला गेला. २०२२ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्याला आवाजाचा नमुना देण्यासाठी हजर राहायला सांगितले. गाणे वाईट की चांगले हे नंतर, आधी आवाज कोणाचा ते तर ठरू द्या! तोवर ती गाणी ऐकत वाढलेली पोरे बाप झाली.

मला स्वतःला एवढेच मान्य होते. चिठ्ठी असावी, पण ती माल बनवणाऱ्याने लावावी. तीत एकच भीतीचे अक्षर नको, डब्यात काय आहे ते साध्या मराठीत लिहावे : शिव्या आहेत, नशा आहे, अमुक लोकांची टवाळी आहे. मिठाच्या पुडीवर मीठ लिहितात, तसे. ती चिठ्ठी बापाने वाचावी, आईने वाचावी, वाटल्यास काझीसाहेबांनीही वाचावी. पण बुरखेवाल्या बाईला कॅसेट नाकारायला कोणी ती दाखवू नये. द्वेषाची गाणी करणारा आपल्या मालावर 'टवाळी' असे खरे लिहील का? लिहिणार नाही. ही माझ्या म्हणण्यातली लंगडी बाजू आहे आणि मला ती दिसते. पण सरकारच्या किंवा जमातीच्या हातात डिंकाची बाटली देण्यापेक्षा ही लंगडी बाजू मला परवडते.

गेल्या आठवड्यात नात पुन्हा मोबाईल घेऊन आली. या वेळी मीच विषय काढला. म्हणालो, "वो ई का मतलब इंग्लिश नहीं है, बेटा. मैंने उस दिन झूट बोला था." मग जमेल तसा अर्थ सांगितला. शरीराबद्दल सांगताना अडखळलो, तिने अडखळू दिले. ऐकून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तो नाना, उस जुलूसवाले गाने पे कौनसा अक्षर आता?"

मी तिला सांगितले, की ते अक्षर अजून कोणी शोधलेले नाही. तिने वहीचे एक पान फाडले आणि त्यावर निरनिराळी अक्षरे लिहून, खोडून पाहू लागली.